एक पडदा, दोन कळफलक

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या घरी एक फजिती झाली. तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण हा सारा लेख त्या फजितीतून निघाला आहे.

आमच्या गल्लीतल्या जुन्या वाचनालयाची पुस्तकांची नोंदवही जीर्ण झाली होती. पान उलटावे तर कोपरा हातात यावा, अशी तिची अवस्था. वहीत मराठी पुस्तके आहेत, तशी कानडीही आहेत. ज्या काळी ती लिहिली गेली त्या काळी दोन वह्या कराव्यात असे कुणाला वाटलेच नव्हते. ती संगणकात उतरवून ठेवायची असे ठरले. मराठी नोंदी मी घालायच्या आणि कानडी नोंदी शेजारच्या मास्तरांनी. मास्तर कानडी शाळेतून निवृत्त झालेले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. माझ्या मुलाने मला बिनतारी कळफलक आणि माऊस अशी जोडी आणून दिली होती. मास्तरांच्या मुलानेही त्यांना तशीच एक जोडी दिलेली. मास्तर म्हणाले, "काय ओ सर, तुमचा संगणक एक, आपण दोघे. माझाबी कळफलक आणतो की. दोघे मिळून बडवू, लवकर होईल."

त्यांची कल्पना मला पटली. दोन्ही जोड्यांच्या नखाएवढ्या ग्राहक-खुंट्या संगणकात खोचल्या. दोन्ही जोड्या चालू झाल्या. मी एका खुर्चीवर, मास्तर दुसऱ्या खुर्चीवर, पडदा समोर. आणि मग सुरू झाला गोंधळ. मी एका रकान्यात लेखकाचे नाव घालतोय तोवर मास्तरांच्या बोटांखालची अक्षरे माझ्याच नावात घुसली. मी माऊस उजवीकडे नेला, त्यांनी डावीकडे. पडद्यावरचा बाण एकच, तो बिचारा मध्येच थरथरत उभा राहिला. दहा मिनिटांत आम्ही दोघे हसून हसून थकलो आणि वहीतली एकही नोंद धड झाली नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी. एखादी वस्तू अशीच का वागते, हे कळण्यासाठी ती कुठून आली हे पाहावे, ही माझी जुनी खोड. म्हणून त्या सुटीत कळफलक आणि माऊस यांच्या वंशावळीत शिरलो.

वंशावळीचा पहिला पुरुष माझ्या घरातच होता. माझे वडील न्यायालयाच्या आवारात टेबल मांडून टंकलेखनाचे काम करीत. त्यांच्याकडे दोन यंत्रे होती, एक इंग्रजी आणि एक मराठी. त्या यंत्रांचे मूळ अमेरिकेतल्या मिलवॉकी गावात. ख्रिस्तोफर शोल्स हा तिथला मुद्रक आणि वृत्तपत्राचा संपादक. त्याने दोन साथीदारांसह १८६८ साली टंकयंत्राचे एकस्व मिळवले. पुढे रेमिंग्टन या बंदुका आणि शिलाईयंत्रे करणाऱ्या कारखान्याने ते यंत्र बनवायला घेतले आणि १८७४ साली बाजारात आणले. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. लहान अक्षरे १८७८ च्या यंत्रात आली. आज तुमच्या-आमच्या मांडीवरच्या कळफलकावर इंग्रजी अक्षरांची जी रांग आहे, ती थोड्याफार फरकाने त्याच यंत्रावरची.

मराठी यंत्राची गोष्ट याहून अवघड. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, शिवाय जोडाक्षरे. आणि कळा मोजक्याच. मग 'श' किंवा 'ण' उमटवायचा तर आधी त्याचे अर्धे रूप आणि मग काना, असे तुकडे जोडावे लागत. मात्रेची किंवा अनुस्वाराची कळ दाबली की यंत्राचा गाडा पुढे सरकत नसे, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरच ते चिन्ह बसे. वडिलांची बोटे हे सारे न पाहता करीत. १९५५ साली गोदरेजने पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले, तेव्हा ते ऐन विशीत होते. त्या यंत्राचे कौतुक ते मी मोठा होईपर्यंत सांगत असत.

या यंत्रात कळ आणि अक्षर यांच्यामध्ये लोखंडी दांडा असे. कळ दाबली की दांडा उचलला जाई आणि त्याच्या टोकाचे अक्षर फितीवर आपटे. म्हणजे यंत्राला जन्मतः जी लिपी मिळाली तीच मरेपर्यंत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९६३ साली त्या राज्याचा राजभाषा कायदा झाला. कचेऱ्यांची भाषा पुढे हळूहळू बदलत गेली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकाअखेरीस, कानडी अर्ज घेऊन आलेली माणसे वडिलांच्या टेबलाशी थांबत आणि पुढच्या टेबलाकडे जात. वडिलांना कानडी बोलता येई, वाचताही येई. त्यांच्या यंत्राला येत नव्हते. तिसरे यंत्र घ्यावे एवढी ऐपत नव्हती. घरात त्या यंत्राला हात लावायची आम्हाला मनाई होती, पण मला त्या मनाईपेक्षा टेबलाशी थांबून पुढे जाणारी माणसेच अधिक आठवतात.

दांड्याच्या जागी तार आली ती संगणकाबरोबर. कळ दाबली की आता अक्षर नव्हे, तर केवळ एक क्रमांक तारेतून जातो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे आत ठरते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

माऊसचा जनक डग्लस एंगलबार्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा तरुण अमेरिकी नौदलाचा रडार-तंत्रज्ञ म्हणून फिलिपाइन्समध्ये होता. तिथल्या रेड क्रॉसच्या वाचनालयात त्याने व्हॅनेव्हर बुश यांचा एक लेख वाचला. माणसाच्या ज्ञानाचा पसारा यंत्राच्या मदतीने कसा आवरता येईल, असा त्याचा विषय. त्या वाचनाने त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. वाचनालयात बसून काय होते, असे विचारणाऱ्यांना मी हल्ली हे उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने १९६४ साली पहिला माऊस बनवला. लाकडाची पेटी, खाली काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एक बटण, आणि शेपटीसारखी तार. गणपतीच्या वाहनाचे नाव त्याला मिळाले ते या शेपटीमुळेच.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत एंगलबार्टने हे सारे दीड तास करून दाखवले. त्याच्या उजव्या हाताखाली माऊस, मध्ये कळफलक आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी. पण मला त्या प्रयोगातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये त्याचा सहकारी बसला होता, आणि दोघांच्या खुणा एकाच वेळी एका पडद्यावर फिरत होत्या. म्हणजे एका पडद्यावर दोन माणसांचे हात, ही कल्पना माऊसच्या जाहीर जन्माच्या दिवशीच होती! पुढे संगणक घरोघर आला तो मात्र एकट्या माणसाचे यंत्र म्हणून. एक खुर्ची, एक कळफलक, एक बाण. मास्तरांची आणि माझी फजिती झाली तिचे मूळ इथे आहे.

आता तार तुटली कशी ते पाहू. १ नोव्हेंबर १९८३ रोजी आय.बी.एम. कंपनीने 'पीसी ज्युनिअर' हा घरगुती संगणक जाहीर केला. त्याचा कळफलक बिनतारी होता. दूरदर्शन संचाच्या रिमोटसारखा तो अवरक्त किरणांनी बोले आणि त्यात चार लहान विजेऱ्या घालाव्या लागत. पण एका खोलीत असे दोन संगणक ठेवले की एकाचा कळफलक दुसऱ्याच्याही कानात बोलू लागे. त्यामुळे कंपनीला वेगळी तार विकायला ठेवावी लागली, ज्या वर्गात असे अनेक संगणक असतील त्यांच्यासाठी! हेडमास्तराला यातली गंमत लगेच कळेल. चाळीस मुले एकदम उत्तर देऊ लागली की कोण काय म्हणाले ते कळत नाही. तसाच तो प्रकार. त्या संगणकाचे उत्पादन १९८५ साली बंद झाले.

१९८४ साली मेटाफर नावाच्या अमेरिकी कंपनीनेही अवरक्त किरणांवर चालणारे कळफलक आणि माऊस आपल्या संगणकाबरोबर दिले. पण या किरणांना आड काही चालत नाही. मध्ये चहाचा कप आला तरी बोलणे थांबते. त्यावर उपाय रेडिओ-लहरींचा. स्वित्झर्लंडमधल्या आपल नावाच्या खेड्यात १९८१ साली एका शेतघरात सुरू झालेल्या लॉजिटेक कंपनीने १९९१ साली रेडिओ-लहरींवर चालणारा माऊस बाजारात आणला.

रेडिओ-लहरी भिंतीपलीकडे जातात. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये हेच दाखवले होते. त्यांच्या अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली होती. पण जी लहर भिंत ओलांडते ती शेजाऱ्याच्या घरातही शिरते. सुरुवातीचे बिनतारी कळफलक २७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत आणि त्यांना वाटा मोजक्याच असत. २००२ साली नॉर्वेतल्या स्टाव्हेंजर शहरात एका गृहस्थाने घरी टाइप केलेला मजकूर सुमारे १५० मीटरवरच्या दुसऱ्या घरातल्या संगणकात उमटू लागला. तोंडओळखही नसलेल्या माणसाची पत्रे आपल्या पडद्यावर येत आहेत, हे पाहून त्या घरच्या माणसाला काय वाटले असेल!

आता सर्वांनी एकदम बोलायचे आणि तरीही कुणाचे कुणात मिसळायचे नाही, हे साधायचे कसे? याचे एक उत्तर १९४२ सालच्या एका एकस्वात सापडते. हेडी लमार ही हॉलिवूडची प्रख्यात नटी, जन्माने व्हिएन्नाची. आणि जॉर्ज अँथिल हा संगीतकार. पाणतीराला बिनतारी आज्ञा द्यायची तर शत्रू ती लहर हेरून बिघडवणार. म्हणून दोघांनी असे सुचवले की, आज्ञा देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकाच वेळी, ठरलेल्या क्रमाने, एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारीत जावे. आपोआप वाजणाऱ्या पियानोत छिद्रांचा कागदी पट्टा असतो, त्या धर्तीवर हा क्रम ठेवायचा. लहरीही किती, तर ८८. पियानोच्या पट्ट्या असतात तितक्या! ही कल्पना त्यांच्याआधीही काहींना सुचली होती आणि अमेरिकी नौदलाने त्या वेळी ती वापरली नाही. पण कळफलकाच्या इतिहासात पियानो असा मागच्या दाराने आला, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे ब्लूटूथमध्ये ही उड्यांची रीत घरात आली. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आय.बी.एम., इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून तिचा मंच स्थापन केला. नाव घेतले दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे. डेन्मार्क आणि नॉर्वे त्याने एका सत्तेखाली आणले, तसे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका बोलीत आणायची, हा त्यामागचा भाव. मूळच्या ब्लूटूथमध्ये ७९ वाटा आणि सेकंदाला १६०० उड्या. ज्या लहरपट्ट्यात हे चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. बिनतारी इंटरनेट याच पट्ट्यात, स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात. आपल्या देशात २००५ च्या आरंभी हा पट्टा विनापरवाना वापराला मोकळा झाला. त्यानंतरच अशा वस्तू सर्रास घरी येऊ लागल्या.

दुसरी युक्ती पत्त्याची. बिनतारी कळफलक हवेत नुसता 'क' सोडून देत नाही. त्याबरोबर आपला क्रमांक धाडतो. ग्राहक-खुंटी तो क्रमांक ओळखीचा असेल तरच दार उघडते. म्हणून घरात दोन जोड्या असल्या तरी माझी जोडी माझ्याच खुंटीशी बोलते. २००९ साली लॉजिटेकने एकाच खुंटीवर सहा साधने चालतील अशी सोय केली. तरी दारे सारखी मजबूत नव्हती. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की अनेक कंपन्यांच्या जोड्यांत कळफलकाचे बोलणे कुलूपबंद असले तरी माऊसचे उघडेच होते, आणि माऊसच्या दाराने शिरून परक्या माणसाला कळा दाबल्याचा बहाणा करता येत होता. घरात दोन दारे असली की चोर कमकुवत दार शोधतो, हे संगणकालाही लागू!

घरी दोन जोड्या वापरणाऱ्यांसाठी एक अनुभवाची गोष्ट सांगून टाकतो. मास्तरांचा माऊस मध्येच अडखळत असे. त्यांची खुंटी संगणकाच्या मागे, वेगवान यूएसबीच्या निळ्या खाचेजवळ होती. त्या खाचांतला खडखडाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, असे इंटेलनेच २०१२ साली लिहून ठेवले आहे. खुंटी पुढच्या बाजूच्या साध्या खाचेत घातली आणि माऊस सरळ चालू लागला.

इतके सारे ऐकल्यावर कुणी विचारील, मग गोंधळ का झाला? तर गोंधळ हवेत झालाच नाही. हवेत माझे बोलणे माझे आणि मास्तरांचे मास्तरांचे, असे निर्मळ वेगळे राहिले. खुंटीच्या पलीकडे, संगणकाच्या आत मात्र दोघांच्या कळा एकाच रांगेत उभ्या केल्या जातात. कळ कुणाच्या कळफलकावरून आली, हे नेहमीच्या लेखन-आज्ञावलीला सांगितलेच जात नाही. दोन माऊस लावले तरी बाण एक. तिथे 'कोण' हा प्रश्नच नाही. आहे तो फक्त 'काय'.

हा प्रश्न शाळेत फार बोचतो. एका संगणकाभोवती पाच मुले बसवली की माऊस एकाच्या हाती राहतो आणि उरलेली नुसती बघतात. बघणाऱ्यांत बहुधा कोण असते, हे मी माझ्या शाळेत पुष्कळ पाहिले आहे. बेंगळुरूतल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी हीच गोष्ट हेरली आणि २००६ साली एक प्रयोग मांडला. एका संगणकाला अनेक माऊस जोडायचे, आणि प्रत्येक मुलाला पडद्यावर आपल्या रंगाचा स्वतंत्र बाण द्यायचा. बेंगळुरूच्या आसपासच्या शाळांत तो करून पाहिला गेला. मागे बसणारी मुले पुढे सरसावली. १९६८ साली दिसलेले आणि मग विसरले गेलेले असे काहीतरी आपल्या राज्यातल्या खेड्यांत पुन्हा दिसले, असे मला वाटते.

आता फजितीचा शेवट सांगायचा राहिला आहे.

आम्ही असे ठरवले की एकाच वेळी दोघांनी टाइप करायचे नाही, पाळीपाळीने करायचे. मास्तरांनी आपल्या पाळीत संगणकाला कानडीवर घेतले. त्यांच्या पाच नोंदी झाल्या. माझी पाळी आली. लिपी मराठीवर आणायची मी विसरलो आणि विषयाच्या रकान्यात, पडद्याकडे न पाहता, माझ्या बोटांनी 'इतिहास' हा शब्द टाइप केला. मास्तर पडद्याकडे बघत होते. ते मोठ्याने म्हणाले, "इतिहास." मी वर पाहिले. पडद्यावर कानडी लिपीत, एकही चूक न होता, 'इतिहास' लिहिलेले होते.

असे का झाले, याचे उत्तर १९८६ सालात आहे. त्या वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची कळफलक-रचना प्रमाण केली. १९९१ साली ती भारतीय मानकात आली. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ही रचना करणाऱ्यांनी लिपीच्या आकाराकडे न पाहता वर्णमालेकडे पाहिले. आणि वर्णमाला तर मराठीची, कानडीची, तेलुगूची, बंगालीची एकच! जिथे मराठी 'क' तिथेच कानडी 'क', जिथे मराठी 'त' तिथेच कानडी 'त'. लोखंडी दांड्याने एका लिपीला बांधलेली कळ आता फक्त क्रमांक पाठवीत होती. मी मराठी म्हणून जे शिकलो होतो, ते माझ्या बोटांना नकळत कानडीही शिकवून गेले होते. इतकी वर्षे खात्याकडे जाणारी कानडी पत्रे मी दुसऱ्याकडून टाइप करून घेत आलो होतो.

मी बराच वेळ काही बोललो नाही. वडिलांच्या टेबलाशी थांबून पुढे जाणारी माणसे डोळ्यांसमोर आली. वडिलांच्या बोटांनाही हे जमले असते. त्यांच्या यंत्राला जमत नव्हते, इतकेच.

मास्तर म्हणाले, "पुसू नका ओ सर, राहू दे की. वाचता येतंय ना सगळ्यांना?"

मी म्हटले, "मास्तर, पुस्तक मराठी आहे. नोंद मराठीतच हवी." त्यांनी मान हलवली. मी लिपी बदलली, तोच शब्द त्याच कळांनी पुन्हा टाइप केला, आणि तो मराठीत उमटला.

जून उजाडेपर्यंत वही पुरी झाली. मास्तरांचा कळफलक त्यांच्या घरी परत गेला. आमच्या मेजावर एकच उरला. नोंदीची भाषा बदलली की मी तो उचलून मास्तरांच्या पुढ्यात ठेवी, आणि त्यांचे झाले की ते माझ्या पुढ्यात ठेवीत. वडिलांचे यंत्र असे कुणाच्या हाती देता येण्याजोगे नव्हते. ते उचलायलाच दोघे लागत.